उकिरड्याचा धनी कोण?

नागपूरहून वर्ध्याकडे जातांना वाटेंत केळझर लागतें. टेकडीवरील सिद्धिविनायकाचें मंदिर, आणि महाभारतांतील एकचक्रानगरी ती हीच अशी लोकश्रद्धा, यांमुळें या गांवाचें नांव भाविकांस परिचित आहे. बकासुराची कथा तेथें आजहि सांगतात. परंतु प्रस्तुत विषय त्याहून पुष्कळ साधा, म्हणजे उकिरड्याचा आहे.

केळझरासारख्या शेतकरी गांवांत उकिरडा ही पूर्वीं मालमत्ताच होती. त्याला धनी असे, आणि शेजाऱ्याच्या उकिरड्यावरून टोपलीभर खत उचलणें ही उघड चोरी ठरे. फाटक्या लुगड्याची गोधडी होई. त्यांतूनहि वांचलेलें बोहारणीच्या हातीं जाऊन घरांत भांडें येई. इतकें होऊन जें उरे, त्याला राखेखेरीज दुसरें नांव देणें कठीण! याच जिल्ह्यांत, वर्ध्याच्या मगनवाडींत, 1934 सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं हातकागदाचा उद्योग चालविला; रद्दी आणि चिंध्या हा त्याचा कच्चा माल. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहिणारे गांधीजी त्या काळीं वर्ध्यासच राहत होते.

शहरांत मात्र केर घराबाहेर पडतांच त्याचा धनी हरवतो, आणि मग त्यावर अनेक जण हक्क सांगूं लागतात. पॅरिसमध्यें 1883 च्या अखेरीस यूजेन पूबेल या अधिकाऱ्यानें घरमालकांना झांकणाचे डबे ठेवण्याचा हुकूम केला; कागद-चिंध्या आणि कांच-खापऱ्या वेगळ्या ठेवण्याचीहि त्यांत तजवीज होती. रस्त्यावरील ढीग चिवडून पोट भरणाऱ्या हजारों चिंधीवाल्यांनीं त्याविरुद्ध मोठा गिल्ला केला. हुकूम आरोग्यदृष्ट्या योग्यच होता. पण ज्यांची भाकरी त्या ढिगांत होती, त्यांना कोणी विचारलें नव्हतें. फ्रेंच भाषेंत कचऱ्याच्या डब्याला आज त्या अधिकाऱ्याचेंच नांव आहे. चिंधीवाल्यांपैकीं एकाचेंहि नांव असें राहिलें नाहीं.

कायदा काय म्हणतो? 1860 च्या भारतीय दंडसंहितेनें चोरीची व्याख्या ताब्यावर उभी केली: दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु त्याच्या संमतीवांचून अप्रामाणिकपणें हलविणें. 2024 च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता आली, तरी गाभा तोच राहिला. टाकून दिलेली वस्तु कोणाच्या ताब्यांत असते, हा प्रश्न मात्र सुटत नाहीं. इंग्लंडमधील न्यायालयानें 1957 सालीं असा निर्णय दिला कीं, डब्यांतील केर बेवारस नसतो, आणि तो नेणाऱ्या नोकरांनींहि त्यांतील माल परस्पर घेणें ही चोरीच होय.

पुण्यांत हा प्रश्न अब्रूचा झाला. कागद-काच वेंचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित. पहांटे पोतें घेऊन हिंडणारी बाई म्हणजे चोर, असा समज रूढ. कोठें चोरी झाली कीं प्रथम तिच्याकडेच बोट. 1993 सालीं नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या आणि हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साहाय्यानें ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, आणि पुढें महानगरपालिकेनें मान्य केलेलीं ओळखपत्रें या स्त्रियांच्या गळ्यांत आलीं. पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा. पण पोलिसाच्या प्रश्नाला तें उत्तर होतें. 2008 मध्यें त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेकडे घरोघर कचरा गोळा करण्याचें काम आलें. 2016 च्या केंद्रीय नियमांनीं कचरावेंचकाला व्याख्येंत स्थान दिलें.

आतां चोरीचा अर्थ पालटला. घराकडून मिळणारें मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री मिळून त्या स्त्रीची कमाई होते. तिच्या येण्यापूर्वीं दाराबाहेरील डब्यांतून कोणी रद्दी आणि बाटल्या उचलल्या, तर घरमालकाला पत्ताहि लागत नाहीं. ओला केर तेवढा तिच्या वांट्याला उरतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. यावर कुलपाची गरज नाहीं. सुका माल घरांत ठेवून सकाळीं तिच्याच हातीं देणें एवढें पुरतें. रात्रींच तो दाराबाहेर काढण्याची घाई मात्र अनेक घरांना आवरत नाहीं.