हजार वर्षं राज्य केलं, पण माणसं चिनी झाली नाहीत

व्हिएतनाम म्हटलं की आपल्याला अमेरिकेचं युद्ध आठवतं. पण त्या लोकांची खरी लांबलचक झुंज चीनशी झाली. इ.स.पूर्व 111 मध्ये हान सम्राट वू याच्या फौजांनी आजचा उत्तर व्हिएतनाम घेतला. मधले काही खंड सोडले तर इ.स. 938 पर्यंत चिनी अंमल टिकला. आपल्याकडे इंग्रज किती वर्षं होते, त्यावरून हिशेब करा.

सुरुवातीला हानांनी स्थानिक सरदारांना त्यांच्या जागी राहू दिलं. पुढे सुभेदार घरात डोकावू लागले. लग्नं आमच्या रीतीने लावा, आमचे कायदे पाळा. यातूनच इ.स. 40 मध्ये भडका उडाला. त्रुंग त्राक आणि तिची बहीण त्रुंग न्ही यांनी बंड केलं, 65 ठाणी त्यांच्या बाजूला आली, सुभेदार तो दिन्ह पळून गेला आणि त्राक राणी झाली.

त्राक का उठली? नवऱ्याला मारलं म्हणून, असं व्हिएतनामी परंपरा सांगते. चिनी इतिहासात नवऱ्याच्या खुनाचा उल्लेखच नाही. सुभेदाराने कायद्याचा बडगा दाखवला म्हणून ती चिडली, एवढंच. शेवटही दोन. चिनी म्हणतात, शिरच्छेद झाला. व्हिएतनामी म्हणतात, बहिणींनी नदीत उडी घेतली. कोण लिहितो, त्यावर इतिहास ठरतो तो असा!

इ.स. 43 मध्ये सेनापती मा युआनने बंड मोडलं. 300 हून अधिक म्होरक्यांना मुलूख सोडून चीनमध्ये नेलं. लोकांचे काशाचे नगारे वितळवून त्याने घोड्याचा पुतळा ओतला. त्यानेच कालवेही खणले, हेही खरं.

मग 938 साल. न्गो क्वेनने बाख डांग नदीत लोखंडी टोकांचे खुंट रोवले. भरतीत चिनी जहाजं आत आली, ओहोटीत खुंटांवर अडकली. खेळ खल्लास.

गंमत पुढे आहे. स्वतंत्र झाल्यावर त्याच लोकांनी चिनी पद्धतीच्या सरकारी परीक्षा 1075 मध्ये स्वतःहून सुरू केल्या, त्या 1919 पर्यंत चालल्या. भाषेत चिनी शब्द भरपूर, पण भाषा त्यांचीच राहिली. म्हणजे राग चिनी विद्येवर नव्हता, जबरदस्तीवर होता.

त्या बहिणींचं राज्य जेमतेम तीन वर्षं टिकलं. तरी आज व्हिएतनाममध्ये गावोगावच्या रस्त्यांना नाव त्यांचंच आहे. भाषा, रीत वरून लादू पाहणाऱ्या कुठल्याही सरकारने हे एकदा वाचावं.