गाव की परगणा? असईची एक खबर

आमच्याकडं कुणी ‘नेरडीगोंड्याचा’ म्हटलं की विचारावं लागतं: खास गावातला, की मंडलातला? नाव दोन्हींचं एकच. असईची लढाई वाचताना मला हेच आठवलं.

सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भोकरदनला आहेत, अशी खबर हरकाऱ्यांनी आर्थर वेलस्लीला दिली. २४ तारखेला कर्नल स्टीव्हन्सनसह हल्ला करायचं ठरलं. २३ ला वेलस्ली नळणीला पोचला, तर फौजा अवघ्या सहा मैलांवर! हरकारे खोटं बोलले नव्हते. त्यांचं भोकरदन म्हणजे परगणा. साहेबानं धरलं गाव.

पुढं केळणा नदी. वाटाडे म्हणाले, उतार नाही. पण दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर दिसली. म्हणजे मध्ये उतार असणारच, हे त्यानं ताडलं. ते खरं निघालं. लढाई त्यानं जिंकली, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली.

गुप्त लिपी फोडल्याच्या गोष्टी आपण आवडीनं वाचतो. इथं तर उघड शब्दच नीट उकलला नव्हता. तेव्हापासून जुन्या कागदात ठिकाणाचं नाव आलं, की मी आधी विचारतो: गाव की परगणा?