मुक्या रेडिओचं 'ओरिजिनल'पण

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ विकणारे एक शब्द हमखास वापरतात: 'ओरिजिनल'. कॅबिनेट ओरिजिनल, बटणं ओरिजिनल, आतला एकही पार्ट बदललेला नाही! घेणाराही खूश होतो. पण साठ-सत्तर वर्षांच्या रेडिओत एकही पार्ट बदललेला नसेल, तर त्याचा सरळ अर्थ बहुधा असा की तो बरीचशी वर्षं बंदच पडून होता. जो रेडिओ खरोखर ऐकला गेला, त्याच्या पोटात दुरुस्तीच्या खुणा असतातच. मला तर वाटतं, या खुणा हाच त्याचा खरा इतिहास.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे. १९३० मध्ये कंपनी बुडाली, कारभार सरकारकडे गेला, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. परवाना मात्र पुढे १९८०च्या दशकापर्यंत टिकून राहिला. मुळात सेट महाग, वर हा परवाना. असा रेडिओ बिघडला म्हणून कोण टाकून देणार? तो दुरुस्तच करायचा, दहा वेळा करायचा.

बनवणाऱ्यांनीही हे गृहीतच धरलं होतं. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवलेले, म्हणजे दिव्यासारखा जुना काढा, नवा लावा. चॅसी उलटी केली की खाली कंडेन्सर आणि रेझिस्टर तारांनी एकमेकांना जोडलेले, सगळं डोळ्यांना दिसणारं. शिवाय १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँगने शोधलेली सुपरहेटरोडाइन पद्धत पुढे सगळ्यांनीच उचलली. कुठलंही स्टेशन लावा, आत येणाऱ्या लहरीचं एकाच ठरलेल्या फ्रीक्वेन्सीत रूपांतर करायचं (बहुतेकदा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास) आणि मग ती वाढवायची. त्यामुळे एक सेट नीट समजलेला माणूस मर्फी, फिलिप्स, बुश, कोणाचाही रेडिओ उघडू शके.

आता गंमत अशी की रेडिओ बंद पडला की पहिला संशय व्हॉल्व्हवर. तो काचेचा, चमकणारा, महागाचा, म्हणून गुन्हेगारही तोच! बरेचदा खरा दोषी असे कागदाचा एक क्षुल्लक कंडेन्सर. आवाज वाढवणाऱ्या पहिल्या व्हॉल्व्हपासून शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाताना मध्ये हा बसलेला असतो. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी व्होल्टेज अडवायचं, एवढंच त्याचं काम. मेणात भिजवलेला त्याचा कागद वर्षानुवर्षं हवेतला दमटपणा पितो आणि हळूहळू थोडं डीसी पुढे झिरपू लागतं. ग्रिडवर धन व्होल्टेज आलं की शेवटचा व्हॉल्व्ह झेपणार नाही इतका करंट ओढतो. आवाज फाटतो, व्हॉल्व्ह तापतो, कधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर थोडे दिवस बरे जातात आणि नवाही मरतो. चांगला मेकॅनिक आधी मीटर लावून ग्रिड तपासे. महागाचा व्हॉल्व्ह वाचवायचा तर स्वस्तातला कंडेन्सर ओळखता यायला हवा!

कधी कधी मात्र व्हॉल्व्हच दोषी असे, आणि तिथे रेडिओच्या दुरुस्तीची गाठ थेट देशाच्या इतिहासाशी पडते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते गेले रेडिओ सिलोनकडे, आणि सिलोन ऐकायचं तर शॉर्ट वेव्ह हवी. सुपरहेटरोडाइन सेटमध्ये लहरीचं रूपांतर करणारा व्हॉल्व्ह म्हातारा झाला की मीडियम वेव्हवर तो कसाबसा चालतो, शॉर्ट वेव्हवर मात्र थकून गप्प बसतो. म्हणजे मुंबई केंद्र खणखणीत, आणि सिलोनच्या जागी नुसती खरखर. 'विविध भारती' सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. तोवर हा व्हॉल्व्ह बदलून घेणं म्हणजे घरात गाणी परत आणणंच होतं.

आज असा सेट माळ्यावरून काढलात, तर कृपा करून तो थेट प्लगमध्ये खुपसू नका. वीजपुरवठ्याच्या बाजूला असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की तो थर अशक्त होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कंडेन्सर तापून फुटूही शकतो. म्हणून आधी सगळं तपासून, मध्ये सिरीज बल्ब ठेवून वीज द्यायची. दुसरी गोष्ट जिवाची. काही शहरांच्या काही भागांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे बिनट्रान्सफॉर्मरचे सेट निघाले. त्यांत व्हॉल्व्हचे फिलामेंट गणपतीच्या आराशीतल्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात: एक गेला की सगळे विझतात. आणि चॅसी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली! प्लग उलटा बसला तर तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट. अनुभव नसेल तर तिथे हात घालू नका, जाणकाराला गाठा.

जाणकाराकडे गेलात की तोच 'ओरिजिनल'चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जुने कंडेन्सर काढले तर सेट बोलेल; ठेवले तर वस्तू जशीच्या तशी राहील, पण मुकी. काही हौशी लोक मधला मार्ग काढतात. जुन्या कंडेन्सरचं पोट पोखरून नवा छोटा कंडेन्सर आत बसवतात, वरचं कवच तेच. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण मला स्वतःला नवा भाग नवाच दिसलेला आवडतो. वेगवेगळ्या काळचे सोल्डर, वेगळ्याच कंपनीचा रेझिस्टर, एखादी मागाहून टाकलेली तार, यांतून किती हात या सेटवरून फिरले ते कळतं. निवेदकांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांचे आवाज घराघरांत पोचते ठेवणाऱ्या मेकॅनिकांची नावं मात्र कुठे नोंदली गेली? त्यांची सही म्हणजे ते सोल्डर. ते लपवायचं कशाला?

जगभर मीडियम वेव्हची केंद्रं एकेक करून बंद होत आहेत. आकाशवाणीनेही मीडियम आणि शॉर्ट वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद केले. म्हणजे उद्या नीट दुरुस्त केलेल्या रेडिओलाही ऐकायला काही उरणार नाही, आणि तो दोष कुठल्याच कंडेन्सरचा नसेल. तोवर ज्याच्या घरी असा सेट आहे त्याने तो बोलता करून घ्यावा. काचेच्या कपाटात ठेवायला पुढे भरपूर वेळ आहे.