हिमोफिलियाग्रस्तांच्या जीवनगुणवत्तेचे मापन

हिमोफिलिया या आनुवंशिक रक्तविकाराचा व त्यावरील उपचारांचा रुग्णाच्या शरीरावर, मनावर, शिक्षणावर, चरितार्थावर आणि कुटुंबव्यवहारावर जो परिणाम होतो, तो रुग्णाच्याच जबानीवरून, ठरावीक प्रश्नांच्या साहाय्याने अंकांत उतरविण्याची पद्धती. रक्तातील घटकाचे प्रमाण प्रयोगशाळेत काढता येते, सांध्यांची हानी चित्रणात दिसते व रक्तस्रावांची संख्या नोंदवहीत मांडता येते. परंतु या तिन्ही गोष्टी हाताशी असूनही रुग्णाचे जगणे कसे चालले आहे याचा उलगडा होत नाही, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकित्सकांच्या ध्यानी आले आणि तेथून या शाखेची वाढ झाली.

रक्त गोठण्यास आवश्यक असणाऱ्या प्रथिनांपैकी आठव्या घटकाची उणीव असल्यास त्या विकाराला ‘अ’ प्रकारचा व नवव्या घटकाची उणीव असल्यास ‘ब’ प्रकारचा हिमोफिलिया म्हणतात. दोहोंची जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असल्यामुळे हा विकार मुख्यत्वे पुरुषांत प्रकट होतो व स्त्रिया बहुधा त्याच्या वाहक असतात. ‘अ’ प्रकार सुमारे ५,००० पुरुष-जन्मांमागे एक आणि ‘ब’ प्रकार सुमारे २५,००० ते ३०,००० पुरुष-जन्मांमागे एक इतका विरळ आहे. घटकाचे प्रमाण स्वाभाविकाच्या १ टक्क्याहून कमी असल्यास विकार तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम व त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सौम्य समजला जातो.

तीव्र विकारात इजा न होताही गुडघा, घोटा व कोपर यांच्या सांध्यांत रक्तस्राव होतो. आरंभी बाहेरून काहीच दिसत नाही. सांध्याच्या आत थोडी झिणझिण, किंचित ऊब व ताठरपणा एवढेच जाणवते, आणि वर्गात बाकावर बसलेल्या मुलाला या वेळी रक्तस्राव सुरू झाल्याचे कळलेले असते, तर त्याच्या शिक्षकांना तो अभ्यास टाळण्यासाठी बहाणा करीत आहे असे वाटण्याचा संभव असतो. काही तासांत सांधा सुजतो, वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि वेदना असह्य होतात. रक्तातील लोहामुळे सांध्याचे अस्तर जाड होते, कूर्चा झिजते, व एकदा दुखावलेला सांधा पुन:पुन्हा रक्तस्रावास बळी पडतो. वर्षभरात किती रक्तस्राव झाले हा आकडा चिकित्सक दीर्घकाळ प्रमाण मानीत आले व आजही तो महत्त्वाचा आहे. मात्र ज्या मुलाला घरच्यांनी अंगणात उतरू दिले नाही, सहलीस पाठविले नाही आणि खेळाच्या तासाला झाडाखाली बसवून ठेवले, त्याचाही आकडा शून्य येऊ शकतो, आणि जो मुलगा नियमित औषध घेऊन सायकल चालवितो त्याचाही शून्यच येतो. या दोन शून्यांमधील अंतर नोंदविणे हेच प्रस्तुत मापनाचे मुख्य प्रयोजन होय.

जगण्याच्या गुणवत्तेचा हा प्रश्न पूर्वी निकडीचा नव्हता, कारण पूर्वी तीव्र विकाराचे रुग्ण फार काळ जगत नसत. १९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी गोठविलेला रक्तद्रव हळूहळू वितळवून आठव्या घटकाने समृद्ध असा साका मिळविण्याची रीत शोधून काढली. पुढील दशकात घटकाची शुष्क चूर्णे उपलब्ध झाली आणि रुग्ण घरीच स्वत:च्या शिरेत औषध टोचून घेऊ लागले. हे स्वातंत्र्य फार महाग पडले. हजारो दात्यांच्या एकत्रित रक्तद्रवापासून केलेल्या या चूर्णांतून एचआयव्ही व यकृतदाहाचे विषाणू पसरले आणि १९८० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील हिमोफिलियाग्रस्तांची जवळजवळ एक पिढी त्यांच्या तडाख्यात सापडली. त्या पिढीतील हयात रुग्णांना भविष्याविषयी, विवाहाविषयी अथवा औषधावरील विश्वासाविषयी विचारलेला प्रश्न आणि तोच प्रश्न त्यानंतर जन्मलेल्या तरुणाला विचारलेला, हे अक्षरश: एकच असले तरी वस्तुत: निराळे होत, हे निष्कर्ष काढणाऱ्याने विसरता कामा नये. विषाणुनाशक प्रक्रिया व पुढे जनुकतंत्राने निर्मिलेले घटक आल्यानंतर, स्वीडनमध्ये १९५० नंतरच्या दशकापासून चालत आलेली प्रतिबंधक उपचारांची पद्धत अन्यत्र दृढ झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ६५ बालकांपैकी नियमित प्रतिबंधक औषध मिळालेल्यांत वयाच्या सहाव्या वर्षी ९३ टक्के मुलांचे सांधे चुंबकीय चित्रणात निर्दोष आढळले, तर रक्तस्राव झाल्यावरच औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. याप्रमाणे आयुष्य लांबले, सांधे वाचू लागले, आणि वाचलेल्या आयुष्याचे स्वरूप काय हा प्रश्न समोर उभा राहिला.

रुग्णाच्या अवस्थेला अंक देण्याचा पहिला ठळक प्रयत्न कर्करोगाच्या क्षेत्रात झाला. १९४९ सालची कार्नोफ्स्की यांची श्रेणी शून्य ते शंभर अशी असून तिच्यात अंक देण्याचा अधिकार सर्वस्वी वैद्याकडे होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात जगातील पंधरा केंद्रांच्या सहकार्याने, ज्यांत दिल्ली व मद्रास ही दोन भारतीय केंद्रे होती, शंभर प्रश्नांची व पुढे तिचे संक्षिप्त रूप म्हणून २६ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली, तेव्हा हा अधिकार स्पष्टपणे रुग्णाकडे आला. आपण ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत राहतो तीत आपले स्थान काय, असे त्या व्यक्तीला स्वत:ला वाटते ती जीवनगुणवत्ता, अशी संघटनेची भूमिका आहे. सर्व रोगांना लागू पडणाऱ्या साधनांपैकी १९९२ सालची ‘एसएफ-३६’ ही ३६ प्रश्नांची व आठ विभागांची प्रश्नावली आणि हालचाल, स्वत:ची निगा, नित्य व्यवहार, वेदना व चिंता या पाच बाबींची ‘ईक्यू-५डी’ ही दोन साधने हिमोफिलियाच्या अभ्यासात सर्वाधिक वापरली गेली. अशा साधनांमुळे दोन भिन्न रोगांची तुलना करता येते, हा मोठा लाभ. पण ती जेथे घडली तेथील दिनचर्या त्यांत उतरलेली असते. ‘एसएफ-३६’च्या मूळ अमेरिकन मसुद्यात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल हलविणे, धूळ खेचणारे यंत्र ढकलणे, बोलिंग व गोल्फ खेळणे यांचा उल्लेख आहे, आणि विहिरीवरून वा सार्वजनिक नळावरून घागर आणणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची परीक्षा त्यांवरून होणे कठीण आहे.

म्हणून विकारविशिष्ट प्रश्नावल्या निर्माण झाल्या. युरोपातील सहा देशांच्या सहकार्याने बालकांसाठी तयार झालेल्या ‘हीमो-क्वोल’मध्ये ४ ते ७, ८ ते १२ व १३ ते १६ या वयोगटांसाठी स्वतंत्र आवृत्त्या असून प्रत्येकीस पालकांची जोडआवृत्ती आहे. प्रौढांच्या ‘हीम-ए-क्वोल’मध्ये ४६ प्रश्न व दहा विभाग आहेत: शारीरिक स्वास्थ्य, भावना, स्वत:विषयीची दृष्टी, क्रीडा व विरंगुळा, काम व शिक्षण, विकाराशी जुळवून घेणे, उपचार, भविष्य, कुटुंबनियोजन आणि जोडीदाराशी संबंध. कॅनडात रोगी मुले व त्यांचे आईवडील यांच्याशी बोलून रचलेली ३५ प्रश्नांची ‘चो-क्लॅट’ ही बालकांच्या साधनांपैकी मला सर्वांत निर्मळ वाटते, कारण तिचे प्रश्न मुलांच्या तोंडून निघालेल्या गोष्टींतून वेचलेले आहेत. येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘हीम-ए-क्वोल’ व ‘हीमो-क्वोल-ए’ ही दोन निरनिराळी साधने असून, पहिल्यात शंभराकडे जाणारा अंक अधिक त्रास दर्शवितो तर दुसऱ्यात तोच अंक अधिक स्वास्थ्य दर्शवितो. नामसादृश्यामुळे अहवाल वाचणाऱ्याचा निष्कर्ष नेमका उलटा होण्याची भीती आहे.

भारतातून या क्षेत्राला मिळालेली महत्त्वाची देणगी म्हणजे वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तयार होऊन २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘फिश’ ही कार्यस्वातंत्र्य-श्रेणी. काटेकोर बोलायचे तर ही जीवनगुणवत्तेची प्रश्नावली नव्हे. येथे रुग्णाला विचारत नाहीत, करावयास सांगतात. जेवणे व केशभूषा, स्नान, कपडे घालणे, खुर्चीत बसून उठणे, उकिडवे बसणे, चालणे, जिना चढणे व पुढे त्यांत घातलेले धावणे अशा आठ कृती रुग्ण परीक्षकासमोर करतो, आणि प्रत्येकीस एक ते चार गुण मिळतात: कृती मुळीच न जमल्यास एक, कोणाचा वा कशाचा आधार लागल्यास दोन, आधाराविना पण थोड्या त्रासाने जमल्यास तीन व निरोगी माणसासारखी जमल्यास चार. उकिडवे बसण्याची कृती यादीत स्वतंत्रपणे घातली, यात रचनाकारांची दृष्टी दिसते. भारतीय शौचकूप, चुलीपुढची बैठक, शेतातील निंदणी, देवळातील वाकणे यांसाठी गुडघा पूर्ण मिटावा लागतो, आणि सुजून आखडलेल्या गुडघ्याने ज्याला शौचास बसता येत नाही त्याचे शाळा-कचेरीतील दिवस कसे जातात हे बाह्य देशांतील प्रश्नावल्यांत क्वचितच उमटते. ज्या देशात औषध बहुतेकांच्या ऐपतीबाहेर राहिले व रुग्ण वाढत्या वयात सांधे गमावूनच दवाखान्यात पोचत, त्या देशाच्या परिस्थितीतून हे माप निघाले, आणि आज ते इतर अनेक देशांतही वापरले जाते.

या मापनातील सर्वांत अवघड जागा पुढील आहे. जन्मत:च विकार असलेल्या माणसाला निरोगी सांध्याचा अनुभव नसतो. त्याच्या अपेक्षा त्याच्या शक्तीच्या मापाने घडतात, व त्याची जीवनगुणवत्ता कशी आहे असे विचारल्यास तो पुष्कळदा ‘चांगली आहे’ असे उत्तर देतो. अल्ब्रेख्ट व डेव्हलीगर यांच्या १९९९ सालच्या प्रसिद्ध लेखात, मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिकांनी आपले जीवन चांगले वा उत्कृष्ट असल्याचे सांगितले होते. त्याच वर्षी स्प्रँगर्स व श्वार्ट्झ यांनी आजारपणात माणसाचे अंतर्गत मापच कसे बदलते याची मीमांसा केली. हे उत्तर खोटे असते असे समजणे रुग्णाचा अपमान होय. परंतु औषधाच्या किमतीचा हिशेब करणाऱ्या यंत्रणा पूर्ण स्वास्थ्याला एक व मृत्यूला शून्य अंक देऊन उपचाराने किती गुणवत्तायुक्त वर्षे मिळाली याची बेरीज मांडतात, आणि ज्याने आपला अंक आधीच वर सांगितला त्याच्या बाबतीत नव्या औषधाचा लाभ कागदावर तोकडा दिसतो. म्हणजे रुग्णाचा सोशिकपणा त्याच्याच औषधाच्या हिशेबातून वजा होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा अन्याय टाळावयाचा तर एकूण अंकाबरोबर रुग्णाने काय सोडून दिले याचाही तपशील घेतला पाहिजे: कोणते शिक्षण, कोणती नोकरी, कोणता प्रवास, कोणता विवाह.

लहान मुलांच्या बाबतीत जबाब बहुधा आईचा घ्यावा लागतो. जनुक बहुधा तिच्याकडून आलेले असते आणि पुष्कळ मातांच्या मनात त्याविषयी अपराधाची भावना घर करून असते; तिची चिंता खरी, पण तिच्या चिंतेचा अंक हा मुलाच्या जगण्याचा अंक नव्हे. दोघांचे जबाब वेगळे घेणे, दोन्ही तक्त्यांत मांडणे व त्यांतील तफावत हीच एक माहिती समजणे, ही रीत योग्य होय.

संख्याशास्त्रीय कसोट्यांचा विस्तार येथे आवश्यक नाही. प्रश्नांची परस्परसुसंगती, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारल्यावर उत्तर स्थिर राहणे व ज्ञात फरक असलेल्या गटांत अंकही भिन्न येणे, एवढ्या तीन बाबींची खातरजमा प्रत्येक भाषेत नव्याने करावी लागते. विकार विरळ असल्यामुळे पुरेसे रुग्ण एका शहरात मिळत नाहीत, आणि अनेक देशांतील जबाब एकत्र केले की औषधाच्या उपलब्धतेतील अंतर त्यांत मिसळते. रुग्णांच्याच पुढाकाराने चालविलेल्या ‘प्रोब’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने विकार नसलेल्या व्यक्तींनाही तेच प्रश्न विचारण्याचा शिरस्ता घातला, ही मोलाची सुधारणा आहे.

भारतात १९८३ साली स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनच्या शाखा रुग्णांना एकत्र आणण्याचे काम करतात, व मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था हिमोफिलियाच्या जनुकीय निदानाचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने हिमोफिलियाचा समावेश दिव्यांगत्वाच्या सूचीत केला. किमान ४० टक्क्यांचा दाखला असल्यावर आरक्षणादी सवलती मिळतात. दाखल्याची टक्केवारी व जीवनगुणवत्तेचा अंक यांची गल्लत होऊ देऊ नये, कारण पहिली शरीराची हानी सांगते आणि दुसरा त्या हानीसह चाललेला व्यवहार. चाचण्यांसाठी घेतलेल्या प्रश्नावल्या अहवालात जातात व रुग्णाच्या केसपेपरवर त्यांचा मागमूसही राहत नाही, ही प्रथा बदलली पाहिजे. ज्याने ४६ प्रश्नांची उत्तरे दिली त्याच्याशी त्याच्या वैद्याने त्या उत्तरांविषयी एकदा तरी बोलावे.

वाहक स्त्रियांचा विचार या क्षेत्रात फार उशिरा झाला. वाहक मानलेल्या अनेक स्त्रियांत घटकाचे प्रमाण कमी असते व त्यांना स्वत:लाही रक्तस्रावाचा त्रास होतो; २०२१ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा स्त्रियांची गणना पुरुषांप्रमाणेच सौम्य, मध्यम वा तीव्र हिमोफिलियाच्या रुग्णांत होऊ लागली. तथापि प्रचलित प्रश्नावल्या पुरुषांना समोर ठेवून रचलेल्या असल्यामुळे मासिक पाळीतील अतिस्राव, त्यापायी येणारी पांडुरता, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची धास्ती आणि लग्न ठरविताना लपविली जाणारी माहिती यांना त्यांत जागा नाही. पाळीतील स्रावाचा अंदाज घेण्यासाठी १९९० सालचा एक चित्रतक्ता उपलब्ध असून त्यात पॅड किती भिजले यावरून गुण देतात व शंभराहून अधिक गुण अतिस्रावाचे लक्षण धरतात. शाळेतील व कामावरील गैरहजेरी, रात्रीची झोप आणि घराबाहेर पडण्याचा संकोच यांविषयीचे प्रश्न या तक्त्याबरोबर विचारले जावेत व ती उत्तरे त्या स्त्रीच्या स्वत:च्या नावाने उघडलेल्या दप्तरात राहावीत. भावाच्या वा मुलाच्या कागदपत्रांत ‘वाहक’ एवढीच नोंद पुरेशी नाही.