लाल फडकं, निळा ठिपका

पहाटेचे पाच वाजलेत. चांदीपमध्ये अजून अंधार आहे. शिरसाडहून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एखादा डंपर धडधडत जातो, फळीवरची भांडी किणकिणतात आणि पुन्हा सामसूम होते. तुम्ही अंथरुणात जागे आहात. मोरीच्या दाराकडून आजीचा आवाज येतो : ‘ऊठ बाळा, पाणी तापलंय.’ शेवटी तिची ती नेहमीची खोकल्याची उबळसुद्धा.

आजीला जाऊन एकवीस दिवस झालेत.

तुम्ही उठून बघता. मोरीत कुणी नाही, पाण्याचं भांडं थंडगार आहे. आई चुलीपाशी पाठमोरी बसलेली दिसते. तिला सांगावंसं वाटतं, पण ओठ उघडत नाहीत. कारण दोन उत्तरं आधीच ठरलेली आहेत. शेजारची काकू म्हणेल, जीव घुटमळतोय, भगताला विचारा. विरारला नोकरीला जाणारा भाऊ म्हणेल, भास आहे, डॉक्टरला दाखव. दोन्ही माणसं तुमच्या मायेची. तरीही तो आवाज ऐकताना तुम्हाला भीती वाटली नव्हती, उलट छातीत ऊब भरली होती, हे दोघांच्याही उत्तरात कुठेच बसत नाही.

म्हणून तुम्ही रस्त्याला लागता, पूर्वेकडे. उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर. पारोळ मागे पडतं, उसगाव मागे पडतं, आणि प्रत्येक गावागणिक वर्षं गळत जातात. आधी मोबाइलचे मनोरे नाहीसे होतात, मग विजेच्या तारा, मग पायाखालचं डांबर. तानसा नदीच्या काठी पोचेपर्यंत गाडीवाट उरते आणि समोर घोडी दिसतात, दाणागोटा, तंबू. साल १७३९. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईचा वेढा फेब्रुवारीपासून चालला आहे आणि चिमाजीअप्पांच्या फौजेला तटबंदी दाद देत नाही. भुयारं खणायची, सुरुंग पेरायचे, खिंडारात माणसं पडताना बघायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या परिसरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, देवी त्यांच्या स्वप्नात आली आणि किल्ला कसा पडेल ते तिनं सांगितलं.

१६ मे रोजी वसई पडली. देवीचं देऊळ उभं राहिलं. आज त्याच्या बावन्न पायऱ्या चढताना कुणी विचारत नाही की ते स्वप्न थकलेल्या सेनापतीच्या मेंदूचं होतं की देवीचं. पण त्या तळावर उभं राहून तुम्ही स्वतःला विचारून पाहा : किल्ला पडला नसता, तर ते स्वप्न कुणाला आठवलं असतं? दर्शन आणि भास यांतली निवड पुष्कळदा मागाहून होते, आणि ती जिंकलेल्यांच्या बाजूनं होते. मला हे खटकतं. कारण हरलेल्या माणसांनाही स्वप्नं पडलेली असतात.

वळा, पश्चिमेला समुद्राकडे चला. साल १९२२. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला मच्छीमारांच्या वस्तीत तुम्ही पोचता. देवीची साथ येऊन गेली आहे. देवी म्हणजे रोग आणि देवी म्हणजे देवता, आपल्या भाषेनं हे दोन कधी वेगळे केलेच नाहीत. साथ शांत व्हावी म्हणून तिची पूजा मांडतात, कुणाच्या तरी अंगात वारं येतं. इथवर नवल काही नाही, तुमच्या पाड्यावरही तुम्ही हे पाहिलं आहे. नवल पुढे आहे. ही देवी एका गावात थांबत नाही. ती किनारा सोडून आदिवासी मुलुखात शिरते, डहाणू-उंबरगाववरून उत्तरेला सरकते, आणि नोव्हेंबरात दक्षिण गुजरातेत पोचते.

९ नोव्हेंबरला खानपूर गावाजवळ तुम्ही सुमारे दोन हजार माणसांत बसलेले आहात. पुढे, पानांच्या मांडवाखाली, ज्यांच्या अंगात देवी येते ती माणसं. त्यांच्या हातांत लाल फडकी. माना हलू लागतात, केस सुटतात, श्वासाचा आवाज मोठा होतो. तुम्हाला वाटतं आता किंकाळ्या सुरू होतील. पण ती माणसं फडकी समोर धरतात आणि पत्र वाचून दाखवावं तशी बोलू लागतात. अक्षर न शिकलेली माणसं कापडावरून वाचताहेत. दारू सोडा, ताडी सोडा. मांस-मासे सोडा. रोज अंघोळ करा. पारशी गुत्तेवाले आणि जमीनदार यांच्या कामाला जाऊ नका.

तुमच्या अंगावर काटा येतो, कारण हुकूम कुठून आले ते तुम्हाला कळतं. १८७८च्या अबकारी कायद्यानंतर घरची मोहाची दारू गाळणं गुन्हा झालं. दारू गुत्त्यावरून घ्यायची, उधारीवर घ्यायची, आणि उधारी फेडायला त्याच मालकाच्या शेतात राबायचं. हा गळफास प्रत्येकाला दिसत होता, पण तो सोडा असं म्हणण्याचा अधिकार कुणाकडे नव्हता. मालकापुढे बोलायची हिंमत माणसाच्या तोंडात नव्हती, ती देवीच्या तोंडात होती. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी पुढे या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं ते ह्यासाठीच : घुमणाऱ्यांना वेडे ठरवून बाजूला सारलं असतं, तर एका समाजाचा स्वतःशी झालेला एवढा मोठा संवाद हरवला असता.

पुष्कळ जण नंतर पुन्हा दारूकडे वळले, काही कायमचे सुटले. देवीची जागा हळूहळू गांधींनी घेतली. विहिरीच्या पाण्यात गांधी दिसतात, अशी आवई गावोगाव उठली. तुम्हीही एका विहिरीत वाकून पाहता. पाणी हलतं, तुमचाच चेहरा तुटतो आणि पुन्हा जुळतो. पण शेजारी वाकलेल्या बाईचा चेहरा उजळलेला असतो, आणि तिला काही दिसलं नाही असं म्हणायला तुमची जीभ वळत नाही.

आता परत तानसेकाठी या. गणेशपुरी, १५ ऑगस्ट १९४७. दूर मुंबईत झेंडे, मिरवणुका. इथे गरम पाण्याच्या कुंडांची वाफ आणि पावसानं भिजलेलं रान. लंगोटी लावलेले, मोजकंच बोलणारे साधू नित्यानंद बाहेर येतात. समोर त्यांचे एकोणचाळीस वर्षांचे शिष्य मुक्तानंद उभे आहेत. नित्यानंद त्यांना पादुका देतात, डोळ्यांत डोळे घालून बघत राहतात. त्या नजरेतून प्रकाशाचा किरण आपल्यात शिरला, असं मुक्तानंदांनी पुढे ‘चित्शक्ति विलास’मध्ये लिहिलं. तुम्हाला किरण दिसत नाही. तुम्हाला एक माणूस थरथरताना दिसतो.

पण ह्या गोष्टीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग, जो भक्त घाईनं ओलांडतात. मुक्तानंदांच्या मागोमाग सुकी गावच्या झोपडीत जाऊन बसा. साधनेला बसलेल्या त्या माणसाला चहूकडे आग दिसते, प्रलय दिसतो. शरीर आपलं ऐकत नाही. नको ती रूपं डोळ्यांपुढे येतात. तो घाबरून बाहेर पळतो. आपण वेडे होतोय, अशी त्याची खात्री पटते आहे, आणि हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. ह्याच वेळी ठाण्याला १९०१पासूनचं मनोरुग्णालय आहे. घरचं माणूस सोबत असतं, तर कदाचित ह्या माणसाला तिथेच नेलं असतं.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तुम्हाला काही गोष्टी ठाऊक आहेत. त्याच्या कानात सांगा. सांगा की मेंदू जगाचं नुसतं छायाचित्र काढत नाही. समोर काय असेल याचा तो सतत अंदाज बांधतो, आणि डोळे-कान तो अंदाज दुरुस्त करत राहतात. जागरण, उपास, एकांत, दुःख यांनी ही दुरुस्ती ढिली पडली की अंदाजच दिसू लागतो. सांगा की १९९८ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी, नजर अधू झाल्यामुळे भास होणाऱ्यांचा मेंदू तपासला. ज्याला रंग दिसत होते त्याच्या मेंदूतली रंग ओळखणारीच जागा पेटलेली होती. खऱ्या निळ्याला आणि भासातल्या निळ्याला मेंदूत वेगवेगळी घरं नाहीत. मुक्तानंदांना पुढे ध्यानात जो निळा ठिपका दिसला, तोही ह्याच घरात राहत असणार.

हे ऐकून त्या माणसाची भीती जाईल? मला नाही वाटत. त्याची भीती गेली ती वेगळ्याच कारणानं. नागदला एका कपाटात त्याला एक पुस्तक सापडलं. आपल्याला जे होतंय ते आधी इतरांना झालं आहे, त्याला नाव आहे, क्रम आहे, हे त्यात लिहिलं होतं. दिसणं तेच राहिलं, पण आता तो एकटा नव्हता. भास आणि साक्षात्कार यांचं नातं मला इथे सापडतं : दोघांची माती एकच, पण त्या मातीतून काय उगवेल हे त्यावर ठरतं की ऐकून घेणारं, नाव देणारं, सांभाळणारं कुणी भोवती आहे का.

आणि नाव मिळालं म्हणून सगळं पवित्र होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. मुक्तानंद १९८२ साली गेले, त्यानंतर काही जुन्या शिष्यांनी त्यांच्यावर लैंगिक शोषणाचे आरोप जाहीरपणे केले. प्रकाश दिसणं हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. दुसरी बाजू त्याहून भीषण आहे. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीला क्षणभर जाऊन या. दर्ग्याच्या आसऱ्याला आणलेले रुग्ण, पायांत साखळ्या, आणि पहाटे लागलेली आग. २८ जण जळून मेले. त्यांच्या आवाजांना बाधा हे नाव मिळालं होतं, पण त्यांचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. आवाज जेव्हा जीव घ्यायला किंवा द्यायला सांगतो, झोप-जेवण तोडतो, माणसाला घरातून उठवतो, तेव्हा उशीर करू नका. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक त्यासाठीच आहे. देवाला नमस्कार करून गोळी घेता येते.

वर्षं पुन्हा भरू लागतात. उसगाव येईपर्यंत पायाखाली डांबर आहे. वाटेत आणखी दोन माणसं तुम्हाला गाठतात. एक वेल्समधला डॉक्टर, डेवी रीस. त्यानं २९३ विधवा-विधुरांना विचारलं आणि १९७१ साली छापलं : जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागत होती, काहींना तो दिसत होता, ऐकू येत होता. पुष्कळांना त्यानं धीरच आला होता. आणि बहुतेकांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. दुसरी अमेरिकेतली मानववंशशास्त्रज्ञ, तान्या लुरमान. तिनं कॅलिफोर्निया, घाना आणि चेन्नई इथल्या, प्रत्येक ठिकाणच्या वीस, मनोविकार असलेल्या माणसांशी त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी बातचीत केली. अमेरिकेतल्यांना ते आवाज बहुधा हिंसक, परके वाटत. चेन्नईतल्या कितीतरी जणांना ते नात्यातल्या माणसांचे वाटत, घरकाम सांगणारे, रागावणारे. आजार एकच, पण आवाज आपापल्या घरची बोली बोलतात.

पाणी तापलंय, असंही एखादा आवाज म्हणत असेल.

चांदीपला परत येता तेव्हा संध्याकाळ झालेली आहे. आई ओटीवर तांदूळ निवडते आहे. तुम्ही तिच्याशेजारी बसता, सुपातले दोन खडे उचलून बाजूला टाकता, आणि खाली बघत एका दमात सांगून मोकळे होता. सकाळी आजीचा आवाज आला.

आईचे हात थांबतात. ती भगताचं नाव घेत नाही, डॉक्टरचंही नाही. सूप मांडीवरून खाली ठेवते आणि तुमच्याकडे वळून विचारते,

‘काय म्हणाली?’