तीस नंबरचा बंबखाना

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. त्याच साली अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अव्हेन्यूवर आगीच्या बंबांसाठी एक दुमजली इमारत उभी राहिली. स्टेशन नंबर तीस. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण तिची हकिकत वाचताना मला माझं गावच दिसायला लागलं.

१९२४ साली खात्यानं काळ्या जवानांना ह्या स्टेशनात वेगळं काढलं. १९३६ ला चौदा नंबरचं दुसरं दिलं. बस्स, एवढंच. म्हणजे महारवाडाच की! बढती पाहिजे? मग ह्या दोन स्टेशनांतली जागा रिकामी व्हायची वाट बघा. आगीत शिरायला काळा माणूस चालतो, गोऱ्यावर हुकूम सोडायला चालत नाही.

१९५५-५६ मध्ये ही वेगळी स्टेशनं मोडली. काळे जवान गोऱ्यांच्या स्टेशनांत गेले. तिथं काय झालं? आगीपुढं पाइप एकच धरायचा. परत आल्यावर जेवण वेगळं, भांडी वेगळी, खाट वेगळी. मित्रांनो, १९२७ च्या चवदार तळ्याच्या लेकरांना हे फोड करून सांगायला नको. कायदा दार उघडतो, पंगत उघडत नाही.

पण ज्यांना एकत्र कोंडलं, ते एकत्र विचारही करायला लागले. १९५४ मध्ये त्यांनी 'स्टेंटोरियन्स' ही संघटना काढली. १९४० ला भरती झालेले अर्नेट हार्ट्सफील्ड नोकरी करता करता वकील झाले, झगडले, आणि ह्या लढ्याचा इतिहासही त्यांनी स्वतःच लिहिला. दुसऱ्या कुणी लिहील म्हणून बसले नाहीत. १९९७ मध्ये त्याच तीस नंबरात काळ्या जवानांचं संग्रहालय उघडलं. कोंडवाडा होता, त्याची साक्ष झाली.

आणि आपण? आमच्या वस्तीतलं समाजमंदिर कुणी बांधलं, विटा कुणी वाहिल्या, वर्गणी कशी जमली, हे मी आजोबांना कधी विचारलंच नाही. ते गेले. आता सांगणारं कुणी उरलं नाही. जयंतीला आम्ही भिंतीला रंग देतो, भिंतीची गोष्ट मात्र कुणालाच ठाव नाही.

तुमच्या वस्तीत अजून एखादी म्हातारी असंल. वही घेऊन तिच्याजवळ बसा. उद्या नको, आजच.

जय भीम.