जेसोरचा रस्ता, पटकी आणि मीठ-साखरेचे पाणी

१/ सन १८१७. बंगालमधील जेसोर येथे पटकीची, म्हणजेच कॉलऱ्याची, साथ भडकली आणि पुढील काही वर्षांत आशियाभर पसरली. इतिहासात ती पटकीची पहिली जागतिक साथ मानली जाते. पुढे १५४ वर्षांनी, जेसोरहून कलकत्त्याकडे येणाऱ्या रस्त्यावरील बनगाव येथे, या रोगावरील सर्वांत स्वस्त उपाय कसोटीला लागला. या दोन घटनांमधील प्रवासाचा हा #धागा.

२/ रोगाची ओळख त्याहून जुनी. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने ओकारी व जुलाब होऊन अल्पावधीत प्राण घेणाऱ्या व्याधीचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी रुळलेले तिचे नाव आपल्या ‘मोडशी’वरूनच आले. महाराष्ट्रातील मरीआईच्या ठाण्यांतही याच भयाची स्मृती आहे.

३/ रोगी नेमका कशाने दगावतो? १८३१-३२ मध्ये ब्रिटनमधील साथीत विल्यम ओ’शॉनेसी यांनी दाखवले की रोग्याच्या रक्तातील पाणी व क्षार घटलेले असतात. त्यावरून टॉमस लाटा यांनी स्कॉटलंडमध्ये रोग्यांच्या शिरेत खारे पाणी सोडले. काही रोगी सावरले, पण पद्धत मागे पडली. रक्त काढणे आणि जुलाब देणे हे ‘उपचार’ मात्र चालूच राहिले. कोरड्या पडलेल्या देहातून आणखी पाणी काढणारे!

४/ १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू वेगळा केला. (इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच पाहिला होता.) तथापि आतड्यातच राहणारा हा जिवाणू देह कसा शोषून घेतो, हे कोडे पुढे ७५ वर्षे सुटले नाही.

५/ ते सोडवले कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जिवाणू गाळून काढलेला द्राव सोडला. जिवाणू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. म्हणजे कारण जिवाणूने सोडलेले विष, आणि त्याचे लक्ष्य आतड्याचे अस्तर! १९५९ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले. मायदेशात मात्र हयातीत त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही.

६/ हे विष आतड्याला क्षार व पाणी बाहेर ओतायला लावते. परंतु एक दार उघडे राहते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत शोषले जाते आणि त्यामागून पाणीही जाते. या जोडशोषणाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर असे द्रावण पाजून यशस्वी प्रयोग केला.

७/ १९७१. पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित भारतात आले. बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रुग्ण जमिनीवर पडलेले, आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत चाललेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला : द्रावण तोंडानेच पाजायचे. एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पिंपातून द्रावण घ्यायचे आणि नातेवाइकांनी रुग्णाला पाजत राहायचे.

८/ परिणाम? छावण्यांतील सुमारे ३० टक्के मृत्युदर या उपचाराखाली ३.६ टक्क्यांवर आला. वैद्यकविश्वाला हे पटायला वेळ लागला. १९७८ मध्ये मात्र ‘लॅन्सेट’ने याला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरवले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. पद्मविभूषण मिळाले २०२३ मध्ये, मरणोत्तर.

९/ प्रत्येक जुलाब पटकीचा नसतो. ई. कोलायचे काही प्रकार असेच विष सोडतात. कियोशी शिगा यांनी १८९७ च्या साथीत जपानमध्ये शोधलेला शिगेला आतड्याला जखमा करतो; रक्ती हगवणीत बहुधा प्रतिजैविक द्यावे लागते. तीव्र पटकीतही ते उपयोगी पडते. साध्या पाण्यासारख्या जुलाबात मात्र सहसा ते लागत नाही. पहिला उपचार गेलेले पाणी व क्षार भरून काढणे. लहान मुलांना सोबत जस्तही देतात. रुग्ण पिऊ शकत नसेल किंवा अतिशय कोरडा पडला असेल, तर शिरेतूनच द्रव द्यावा लागतो.

१०/ आजही आपल्याकडे ‘डॉक्टर, सलाईन लावा’ हा आग्रह ऐकू येतो. पुडीतले पाणी कमी प्रतीचे वाटते. बनगावचा इतिहास उलट सांगतो. तेथे सुई पुरली नाही, तेव्हा आईच्या हातातील पेल्याने माणसे वाचवली. ज्ञान अवघड होते, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. उपाय मात्र इतका सोपा निघाला की त्याचे मोल ओळखणेच अवघड गेले.